आवाज फक्त सरांच्या नावावर

बालाघाटच्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरात धूळ अन् किस्से रोजच जमतात. धूळ मी झाडून टाकते, किस्से कुठं टाकू? मी इथली बाई, चौथी पास. कुलूप, झाडू, पाणी माझ्याकडे, मशीनी सरांकडे. अन् बिघडते ते सरांकडचंच!

सरांनी सगळ्या मशीनींवर लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकली अन् आवाज बसला. लालबर्ऱ्याहून शिकायले येणाऱ्या करुणाले डोळ्यानं दिसत नाही. स्क्रीनवरचं मशीन बोलून सांगते, ते ऐकून ती काम करते. सोमवारी तिची परीक्षा. आवाज नाही, तर परीक्षा नाही!

"मावशी, माझं मशीन मुकं झालं," ती रडकुंडीले आलती.

*

सरांनी सकाळभर कीबोर्ड बडवला. "बाई, आवाजाचा ड्रायव्हर सापडत नाहीये."

मी टेबलाखाली झाडू घातला. स्पीकरची पिन खालच्या बोर्डातून काढलेली, अन् तिथं सरांचा मोबाइल चार्जिंगले!

"सर, ड्रायव्हर सापडला!"

*

पिन लावली. सरांनी आपल्या नावानं मशीन उघडलं, ढणाढणा गाणं वाजलं. करुणानं तिच्या नावानं उघडलं, चूप!

सर म्हणाले, "हीच काहीतरी चुकीचं दाबते."

"मग तिच्या नावानं तुम्ही उघडा."

उघडलं. चूप!

"आता तुम्ही काय दाबलं?"

*

सरांनी तोड काढली. "करुणा, माझ्या नावानं बसून दे परीक्षा."

करुणा म्हणाली, "सर, मग पास पण तुम्हीच व्हाल ना!"

*

शनिवारी सर एकदम ओरडले, "मिल गया! करुणाचं नाव ऑडिओ ग्रुपमध्येच नाही. मशीन तिला आवाज देईल कसा?"

माझं डोस्कं फिरलं. "पोरीले ग्रुपमध्ये घेतलं नाही? काहून? कोण हाय तो अ‍ॅडमिन? बोलवा त्याले!"

सर हळूच म्हणाले, "मीच आहे."

*

घेतलं एकदाचं तिले ग्रुपमध्ये. तरी आवाज नाही! सर करुणाच्या फाइलीत काहीतरी टाइप करत अन् कान लावत. परत टाइप, परत कान. मी मागं कमरेवर हात ठेवून उभी.

"एवढं काय लिहून राह्यले?"

"टेस्टिंग, बाई. टेस्टिंग."

करुणा म्हणाली, "सर, एकदा मशीनमधून बाहेर निघून परत आत जाऊन पाहू का? नवीन ग्रुप तवाच धरत असंन."

"हौ, ते राहिलंच!" सर उठले.

करुणा बसली. आपल्या नावानं बाहेर निघाली, आपल्याच नावानं आत गेली, आपलीच फाइल उघडली. अन् मशीन भर वर्गात खणखणीत बोललं:

"टेस्टिंग. टेस्टिंग. एक दोन तीन. बाई मागे उभी आहे. बाई अजून मागेच उभी आहे. या बाईला म्यूट करायचं बटण कुठे आहे?"

सर पिन ओढायले टेबलाखाली घुसले. पिनेवर माझा पाय होता.

करुणा टाळ्या पिटत उठली. "मावशी, आला! आवाज आला! परत लावू?"

"लाव. अन् फुल कर!"