चालसरांसाठी केलेला अर्ज

आमचे सर कुठल्याही इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्गात बसून सांगत नसत. कोणी विचारलं की ते पुस्तक पालथं ठेवायचे, पायांत चपला सरकवायचे आणि म्हणायचे, "चाल, दाखवतो." म्हणून अख्ख्या गावात त्यांचं नाव चालसर पडलं होतं. 'रूट' हा शब्द आम्ही बांधावरचं निंबाचं रोपटं उपटून शिकलो आणि सरांनी ते आमच्याकडूनच परत लावून घेतलं.

कारंज्याजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. एकदा धड्यात घंटानादासाठी 'पील' हा शब्द आला. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. मी म्हटलं, "सर, हाच ना पील?" सर म्हणाले, "हा टोला झाला. एकट्याचा पील होत नाई." मग आम्हा सगळ्यांना देवळात नेलं. तिथे नवसाच्या घंटा ओळीनं बांधल्या होत्या. एकेकीखाली एकेकाला उभं केलं, लहानग्यांना उचलून धरलं आणि म्हणाले, "आता थांबू नका." पुजारी धावत बाहेर आला. सर त्याला हात जोडून म्हणाले, "दोन मिनिटं, महाराज. इंग्रजी चालू आहे."

'अपील'साठी शाळेच्या वेळेतच ते आम्हाला कारंज्याच्या कचेरीत घेऊन गेले. व्हरांड्यात एक म्हातारेबुवा कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सरांनी विचारल्यावर ते म्हणाले, "खालच्या सायबानं नाई म्हटलं. आता वरच्याले म्हणून राह्यलो, का बाप्पा, माहे कागद एक डाव पुन्हा पाहा." सर आमच्याकडे वळले. "हेच अपील. हे भांडण नोहे. अन् त्याच्यात काय लिहाचं? खरं लिहाचं अन् सारं लिहाचं."

'रिपील' कसा दाखवणार, असं आम्हाला वाटलं होतं. सरांनी आम्हालाच कायदा करायला लावला. आम्ही केला : उशिरा येईल त्यानं बाहेर उन्हात उभं राहायचं. तिसऱ्याच दिवशी त्यात मी सापडले. हातपंपावर रांग होती, पाणी भरून येईपर्यंत प्रार्थना संपली होती. मी अर्धा तास उभी राहिले. नंतर सरांनी हात वर करायला सांगून तो कायदा रद्द करवला. "हा रिपील. केलेला कायदा मागे घेता येते," ते म्हणाले आणि मला विचारलं, "पण तुह्या डोक्यावरचं ऊन मागे गेलं का?" सगळे हसले. मीही हसले.

सातवीनंतर आम्ही पाच मुली घरीच बसलो. कारंज्याच्या बसची वेळ जुळत नव्हती आणि घरचे सोडत नव्हते. चालसर माझ्या वडिलांना भेटायला वावरात आले. "बसून राह्यली तं गंज खाईल. माह्या वर्गात मागं बसू द्या." तशा आम्ही हजेरीवर नाव नसलेल्या पाचजणी सातवीच्या मागे बसून आठवी-नववीची पुस्तकं शिकू लागलो. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं.

आणि सरांच्या बदलीचा आदेश आला. गाव हादरलं. बदली थांबवायची म्हणून गावानं वर अर्ज करायचं ठरवलं आणि लिहायला मला बसवलं. वडील कंदिलासारखे डोळे करून शेजारी बसले होते. "सारं लिही, पोरी. काई सोडू नको." मी काही सोडलं नाही. सर आम्हा पाच मुलींना नाव नसताना वर्गात बसवतात. सर मुलांना शाळेच्या वेळेत देवळात, कचेरीत नेऊन अर्थ दाखवतात. दोन पानं भरली. खाली गावानं सह्या आणि अंगठे केले.

पंधरा दिवसांनी चौकशीला साहेब आले. त्यांच्या हातात माझी ती दोन पानं होती. बदलीबद्दल ते काही बोललेच नाहीत. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी सरांना विचारलं, "या मुलींची नावं हजेरीवर आहेत? मुलांना बाहेर नेण्याची परवानगी आहे?" सर प्रत्येक प्रश्नाला "नाही, साहेब" म्हणत राहिले. आठवड्यानं ते निलंबित झाले. दोन वर्षांनी निलंबन मागे घेतलं, पण त्यांना कार्यालयात बसवलं. पुन्हा वर्ग मिळाला नाही. तोवर आमच्या पाचजणींसाठी ते रविवारी नालवाडीच्या घरून येत आणि पारावर शिकवत. आम्ही दहावी झालो ती त्या रविवारांवर. अर्जाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मलाही काढवला नाही.

बीए झाले तेव्हा पेढे घेऊन नालवाडीला गेले. माझ्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. सर थकले होते. पाया पडले आणि एकदाचं बोलून टाकलं, "सर, तो अर्ज मी लिहिला होता."

"मले माहीत आहे. त्या गावात 'सविनय' लिहिता येणारं दुसरं होतं कोन?"

मी रडायला लागले.

"खोटं लिहिलं होतं का काई?"

"नाई, सर."

"मंग काऊन रडून राह्यली?" ते खिडकीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "सातवीचं पुस्तक अर्ध्यातच राह्यलं माहं. ते पोट्टे अर्ध्यातच राह्यले."

पेढा त्यांनी हातात घेतला होता. मी निघेपर्यंत तो हातातच होता.

गेल्या वर्षी सरांच्या घरून काकूंचा फोन आला, सर गेले म्हणून. पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी आता हिंगणघाटला एका वकिलांकडे काम करते. गावोगावचे लोक अर्ज लिहायला येतात. कुणाचा मास्तर बदलून जातो आहे, कुणाची नर्सबाई. ते भरभरून सांगतात, मी लिहून घेते. मग ते चहाला गेले की मी अर्ज पुन्हा वाचते आणि त्या माणसानं नियमापलीकडे जाऊन केलेलं जे जे चांगलं असेल, ते खोडते. सरांना हे आवडलं नसतं. पण दुसरं काही मला जमत नाही.

इथे मात्र मी काही खोडलेलं नाही. आता सरांना कोणी काही विचारू शकत नाही.