सहाव्यांदा वर गेलेला हात

चर्चमधली उपासना संपताना पाळकांनी विचारलं, "आज कोणाला प्रभूला जीवन द्यायचंय?" आणि प्लंबरचा हात वर गेला. गेल्या चार वर्षांतली ही सहावी खेप.

"तुमचं तारण झालंय, मामा," पाळक म्हणाले. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण हा माणूस कामाचा पक्का. नळ बसवताना पान्याचा शेवटचा अर्धा वेढा दिला की थांबणारा. त्यापुढे पिळलं तर आटे जातात, हे तो गिऱ्हाइकांनाही बजावायचा. तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, बाबतीत मात्र त्याचा पाना काही थांबेना. कोणावर चिडला की वाटे, गेलं. प्रार्थनेत डुलकी लागली की वाटे, मुळात मिळालंच नव्हतं.

बायको निवांत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया, आणि ही बाई दवाखान्याच्या खाटेवर बसून घरून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याला राहवलं नाही.

"तुला एवढी खात्री कशी गं? भांडतेस तर माझ्यापेक्षा जास्त."

"भांडते की." तिने टॉवेल झटकला. "आपल्या खोलीवरची पाण्याची टाकी कोणी बसवली?"

"मी."

"तिच्याखाली मी झोपते. उठून कधी बघायला गेले?"

"नाही."

"काम तुमचं आहे म्हणून. माझ्या झोपेवर टाकी उभी नाहीये. तारणाचंही तसंच. काम प्रभूने केलंय."

त्याने विचारलं, "आणि एखाद्या दिवशी झोप नाहीच लागली तर?"

"तर जागी राहीन. टाकी काय त्यामुळे पडणारे?"

मग तिचे हात थांबले. "मला माझी काळजी नाही, तुमचीच आहे. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर तिकडे भेटाल ना? आजच सांगा."

गळती थांबेल का, उद्या याल का, कोणी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असे: "बघू." तेच ओठांवर आलं. भीती होती तिथेच होती. ती जायची वाट बघत बसलो तर हिला उत्तर मिळायचं नाही, हे त्याला कळलं.

"भेटेन," तो म्हणाला. "भीती वाटतेय अजून. पण भेटेन."

"वाटू दे," ती म्हणाली. "चादरीचं ते टोक धरा जरा."