माझी लांब शेपटीची सही

मला वाचता येत नाही, सही येते. शाळा बघितली नाही, सही मेव्हण्यानं शिकवली, लांब शेपटीची. त्यामुळं कुणी कागद पुढं केला की माझा हात आधी चालतो, डोकं मागनं येतं.

हिंजवडीत एका कंपनीत ठेकेदाराकडं फरशा पुसायचो. ठेकेदार बदलायचे, फरशा त्याच. एकदा गेटवर भाऊंचा माणूस आला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पक्षाचे पुढारी. म्हणला, "भाऊंच्या युनियनचा फॉर्म हाय. ज्याची सही, त्याला नवा ठेकेदार ठेवणार. वर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो!"

फोटो म्हणल्यावर मी दोन सह्या ठोकल्या. दुसरी पक्षात गेल्याची होती, ते घरी पोरीनं पावती वाचल्यावर कळलं. चौकात फ्लेक्स लागला. बायको म्हणली, "अहो, भाऊंच्या बुटापाशी तुम्हीच ना?"

आमच्यात विदर्भातल्या एक मावशी. पोछा पिळायला मला त्यांनीच शिकवलं. त्या बिनझेंड्याच्या युनियनमध्ये गेल्या. म्हणल्या, "भाऊ अन् ठेकेदार एकाच ताटात जेवतेत रे बाबा. भांडण लागलं त भाऊ कोनाकडून बोलन?"

मी हसलो. म्हणलं, "मावशी, तुम्हाला फोटोची हौसच नाही."

नवा ठेकेदार आला तसा भाऊंचा माणूस जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन हजर. "करा सह्या."

मी पहिला. पेन उघडलं, आणि बघतो तर तो सगळ्यांना सहीला बोलवतोय, मावशींना नाही. जन्मात पहिल्यांदा विचारलं, "काय लिहिलंय?"

"तुला वाचता येतं का?"

"नाही. म्हणून तुम्ही वाचा. मोठ्यानं."

वाचलं त्यानं. ही बाई काम करत नाही, भांडणं लावते, आम्हाला नको. मावशी तिथंच भाकरी मोडत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी पेन बंद केलं. "कामचुकार मी हाय, साहेब. जिन्यात मोबाईल बघत बसतो, माझा मजला या बाई पुसतात. माझं नाव घाला, आत्ता सही करतो."

सगळे हसले. तो नाही. "उद्यापासनं येऊ नको. भाऊंना सोडून जाशील कुठं?"

मावशींच्या युनियनमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी दोघांचीही कार्डं गेटला लागेनात. वॉचमन म्हणला, "मामा, भाऊंची माफी मागा, घेतील आत."

मागितली नाही. गेटसमोर बसलोय. दुपारी आतनं तिघं आले, डबे उघडून आमच्याशेजारी बसले. मला नाही घेतलं तरी चालंल. मावशींना घेतल्याशिवाय मी इथनं हलत नाही.