चामखीळ काढायचीय, डॉक्टर!

कातडीच्या डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस घाबरून येतो, माझ्याकडे लाजून येतो. आणि लाजलेला माणूस मुद्द्यावर येईपर्यंत काय काय बोलून जातो, विचारू नका!

हडपसरला मी क्लिनिक सुरू केलं तेव्हा खाली पिठाची गिरणी होती आणि पेशंट भाजी मंडईतले, नाहीतर आसपासच्या गावांतले. मग आयटी पार्क आले, गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान आलं आणि समोर बसणाऱ्यांच्या गळ्यांत कंपनीच्या आयकार्डाच्या पट्ट्या दिसायला लागल्या. पट्टीखालची वस्तू मात्र तीच राहिली. लोंबती चामखीळ! आम्ही तिला स्किन टॅग म्हणतो. मऊ, बारीक देठाची, बहुतेक वेळा कातडीच्याच रंगाची. मान, काख, जांघ, जिथे कातडी घासते तिथे येते. तिचा स्वतःचा त्रास जवळजवळ नसतो. त्रास होतो तो माणसं तिच्यापायी जे उद्योग करतात त्यांचा.

रिसेप्शनला आमच्या रुबीनाताई. जन्म कॅम्पातला, संसार हडपसरचा, जीभ मात्र थेट सदाशिव पेठेतली.

*

एक निवृत्त गणिताचे सर आले. मानेवर एकच चामखीळ, तांदळाच्या दाण्याएवढी.

"हिचं शास्त्रीय नाव काय?"

"अ‍ॅक्रोकॉर्डॉन."

"एवढीशी वस्तू आणि एवढं नाव? बरं. कॅन्सर वगैरे?"

मी भिंगातून नीट पाहिलं. "नाही."

"घरात कुणाला लागेल?"

"नाही, ही संसर्गाची नसते."

"नाही काढली तर?"

"काही होणार नाही. कॉलरला अडकत असेल किंवा दिसायला नको वाटत असेल, तरच काढायची."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी कॉलरचा शर्ट घालत नाही, आणि माझ्याकडे आता कुणी बघतही नाही. मग डॉक्टर, आपण दोघं इथे काय करतोय?"

आणि उठून गेलेसुद्धा!

*

फुरसुंगीकडचे एक अण्णा मानेला उपरणं गुंडाळून, काठी टेकत आले. उपरणं सोडलं तर आत चामखीळ टम्म सुजलेली, लालभडक, देठाला काळा केस करकचून बांधलेला आणि खाली पू.

"घोड्याचा केस हाय," अण्णा अभिमानाने म्हणाले. "बांधला की मस गळून पडती."

"पडायच्या आधी पिकली ना, अण्णा! बांधून रक्त थांबतं, जंतू थांबत नाहीत."

केस कापला, जखम धुतली, औषधं दिली. सूज पूर्ण उतरल्यावर परत बोलावलं. जागा सुन्न केली, कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सुईने, चामखीळ काढली, वर बारीकशी पट्टी. अण्णा मान चाचपत म्हणाले, "झालं व्हय? मला वाटलं अजून सुरूच न्हाई केलं!"

जाता जाता मी विचारलं, "पण घोड्याचा केस मिळाला कुठे?"

"वरातीचा घोडा व्हता की गल्लीत. शेपटीचा उपटला."

"घोड्याने उपटू दिला?"

अण्णांनी काठी वर करून दाखवली. "दिला असता तर ही कशाला लागली असती?"

*

एका कंपनीतल्या इंजिनियरच्या आयकार्डाची पट्टी सारखी चामखिळीला अडकायची. कंटाळून त्याने ऑफिसच्या वॉशरूममध्ये, आरशात बघत, नेलकटरने ती कापली. देठातून बारीक रक्तवाहिनी जाते, हे त्याला शर्ट लाल झाल्यावर कळलं.

गळ्याभोवती अख्खा टिश्यू रोल गुंडाळून तो आला, बरोबर सगळी टीम. मी दाबून धरलं, रक्त थांबवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टीम लीड दारातच उभा होता.

"मॅडम, रूट कॉज काय?"

"नेलकटर."

पेशंट पडल्या पडल्या क्षीण आवाजात म्हणाला, "इंटरनेटवर फार सोपं दाखवलं होतं हो."

पुढच्याच आठवड्यात त्या टीममधले आणखी दोघं चामखीळ काढून घ्यायला आले. मी म्हटलं, "छान! स्वतः काही न करता आलात."

"मॅडम, आम्ही त्याचा शर्ट बघितला ना!"

तरीही रुबीनाताईंनी त्यांना बाहेर विचारलंच होतं, "नेलकटर असेल तर इथे काढून ठेवा."

*

लग्न ठरलेली एक मुलगी आली. काखेत चामखिळी होत्या आणि लग्नातला ब्लाउज बिनबाह्यांचा शिवायला टाकलेला. "मॅडम, प्लीज, सासरी कुणाला कळू देऊ नका."

लग्न अगदी तोंडावर असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण जखम भरून डाग फिका पडायला पुरेसा अवधी होता. काढल्या. तिला ड्रेसिंग दाखवायला शनिवारी बोलावलं.

शनिवारी सकाळी मी एका मुलाच्या मानेवरच्या चामखिळी काढत होते. त्याचंही लग्न ठरलेलं. "फोटोत दिसतात हो," तो म्हणत होता. "आणि मॅडम, हे होणाऱ्या बायकोला कळता कामा नये."

पट्टी लावून तो बाहेर वेटिंग रूममध्ये गेला आणि ड्रेसिंगला आलेल्या त्या मुलीसमोरच थबकला.

"तू? इथे?"

"तू इथे कशी?"

मी दारात आले, तर दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार? एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम! शेवटी रुबीनाताईच बोलल्या.

"पत्रिका जुळली की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. अपॉइंटमेंट मात्र जुळली!"

*

नीलेश अमरावतीकडचा. इथे मित्रांबरोबर फ्लॅट, शिफ्टची नोकरी, जेवण मेसचं आणि वेळीअवेळी कोल्ड्रिंक. मान सगळीकडून काळपट, मखमलीसारखी जाड झालेली आणि तिच्यावर चामखिळींची रांगच.

"आई म्हणते मळ आहे. दिवाळीला गेलो तर दगडानं घासून दिलं तिनं. निघतच नाही नं, मॅडम. तुम्ही हे दाणे तेवढे काढून टाका, पोरगी पाहायला जायचं आहे."

"दाणे नंतर काढू. घरी कुणाला शुगर आहे?"

त्याने कॉलर वर ओढली. मग म्हणाला, "बाबांना. मागच्या वर्षी पाय काढावा लागला त्यांचा."

"तुझी तपासलीस कधी?"

"मला कशी असेल? माझं वय काय आहे!"

प्रत्येक चामखिळीमागे साखर नसते, पण अशी मान आणि इतक्या चामखिळी एकत्र दिसल्या की आधी रक्त तपासायचं. रिपोर्ट आला. साखर वाढलेली होती, हाताबाहेर गेलेली नव्हती. नीलेश कागदाकडे बघतच राहिला. डोळे भरून आले होते, पण पोराने पाणी गळू दिलं नाही.

"आईला काय सांगू?"

"सांग, तो मळ नव्हता."

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. "आई, मान घासू नको म्हणते डॉक्टर... नाही, साबण नाही दिली... चालायला सांगितलं... अगं, मानेसाठी पायानंच चालायचं आहे!"

फिजिशियनकडे पाठवला. मेस सुटली, कोल्ड्रिंक सुटलं, रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालणं सुरू झालं. काही महिन्यांनी आला तेव्हा पट्टा आतल्या भोकात गेला होता, मान उजळली होती. चामखिळी होत्या तशाच होत्या, त्या आपण होऊन जात नाहीत.

"आता काढा, मॅडम," खुर्चीत बसत तो म्हणाला. "आता फक्त दिसण्याचाच प्रश्न राहिला आहे."

*

मुलगा-सून दोघंही आयटीत, म्हणून एक काका-काकू नातीला सांभाळायला साताऱ्याहून इथे राहायला आले होते. दोघांच्याही मानेवर चामखिळी. काकांची एक चांगली टपोरी, कानाखाली लोंबणारी. सुनेनेच दोघांची नावं नोंदवली होती. या मंगळवारी काका, आणि त्यांचं सुखरूप पार पडलं तर पुढच्या मंगळवारी काकू.

काकांचं सुखरूप पार पडलं. दुखलं नाही, रक्त नाही, काही नाही. आरशात बघून काका खूश! "दहा वर्षांनी लहान दिसतोय की नाही?"

"मफलर बांधल्यावर तसेही दिसायचात," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडतं न उघडतं तोच तिघंही दारात. काका, काकू आणि काकूंच्या कडेवर दीड-दोन वर्षांची नात, रडून रडून लालबुंद झालेली. मला वाटलं, पोरीलाच काही झालं.

"काय होतंय हिला?"

"हिला काही नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "अहो, ही रोज माझ्या खांद्यावर झोपते. झोपताना ती चामखीळ चिमटीत धरून ठेवते. मला कधी त्याचं काही वाटलंच नाही. काल दुपारी खांद्यावर घेतली, तर हात फिरवून फिरवून शोधते आहे! पट्टी ओढते, माझ्या तोंडाकडे बघते आणि रडते. कालपासून धड झोपलेली नाही, डॉक्टर."

काका पुढे वाकले आणि अगदी हळू विचारलं, "ती... तुम्ही टाकून दिलीत का?"

"हो, काका."

"म्हणजे, परत बसवता नाही यायची?"

"नाही हो."

काका मान खाली घालून बसले. रुबीनाताई पोरीसाठी पाणी घेऊन आल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, रडणं थांबलंय. काकूंच्या खांद्यावर पोरीची मान कलली होती, डोळे मिटत होते, आणि एक चिमुकली चिमूट काकूंच्या पदराखाली, मानेपाशी घट्ट मिटलेली होती.

काका काहीतरी बोलायला गेले. काकूंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. मग रुबीनाताईंकडे वळून कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या,

"बाई, माझी मंगळवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करा."