बडीशेप
हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप आली, की मला केडगावचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. वडिलांचा कारखाना बंद पडला होता आणि क्रेडिट कार्डाची बाकी थकली होती. एका तापलेल्या दुपारी वसुली एजन्सीचा माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज अगदी मऊ. पंखा नुसता गरम वारा फेकत होता. "निम्म्यावर मिटवा साहेब, त्याच्यावर आमची ऐपत न्हाई," वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि तो बडीशेप चघळत मान हलवत होता. मी तेव्हा दहावीत होते. पाणी घेऊन गेले, तर त्यानं खिशातली डबी माझ्यापुढं धरली. "घ्या ताई. क्लासवरून त्या बंद कारखान्याच्या भिंतीकडूनच येता ना? तिथं संध्याकाळी दिवे नसतात." बडीशेप माझ्या तळहातावर तशीच राहिली. वडिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "सगळे भरतो." आईच्या पाटल्या विकून ते पैसे फिटलेही, तरी परीक्षा संपेपर्यंत वडील रोज सायकल घेऊन क्लासबाहेर उभे असायचे. आता माझी मुलगी क्लासला जाते. ती कुठल्या रस्त्यानं घरी येते, हे मी शेजारणीलाही सांगितलेलं नाही.