कबुलीची तयारी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी जायचा तो बोलून. दोन-तीन महिने झाले की एका दुपारी घरच्यांना बोलावलं जाई, आतल्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या जात, आणि त्या माणसानं सगळ्यांसमोर आपण काय केलं, आता मनात काय आहे, पुढे काय करणार, हे आपल्या तोंडानं सांगायचं. याला सगळे कबुली म्हणत. कबुली चांगली झाली तर त्याच दिवशी पिशवी भरायची. अडखळलात, गप्प बसलात, तर अजून पंधरा दिवस. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एका जुन्या बंगल्यात हे केंद्र होतं. जाळीच्या खिडकीतून समोरच्या दुकानात आईस्क्रीम खाणारी कुटुंबं दिसायची, आणि त्यांचा मला विनाकारण राग यायचा.

मला तेव्हा बोलता येत नव्हतं. हसू नका, खरंच येत नव्हतं. बारा वर्षं पिण्यात घालवल्यावर माझ्याकडे ‘वाढ’, ‘गप्प बस’, ‘कुठे ठेवलंस’ आणि भरपूर शिव्या एवढाच ऐवज उरला होता. कारखान्यात दिवसभर मशीनसमोर उभा असायचो, तिथं कोणाशी बोलायची वेळ येत नसे. केंद्रात आम्हाला समजावणाऱ्या, बोलतं करणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. रोज दहा पानं मोठ्यानं वाचायची, नवा शब्द लिहून घ्यायचा, आणि संध्याकाळच्या बैठकीत तो वापरून काहीतरी स्वतःचं सांगायचं. दारू सोडायला आलोय की चौथीच्या वर्गात बसायला, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. पण हात थरथरत होते, झोप येत नव्हती आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून वाचायला लागलो.

एका प्रवासवर्णनात ‘हुरहूर’ हा शब्द आला. तो मी ऐकलेला होता, पण त्या दिवशी तो माझ्याबद्दल आहे हे कळलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास छातीत जे काही सुरू व्हायचं, ज्याला मी बारा वर्षं ‘डोकं दुखतंय’ म्हणून दुकान गाठत होतो, त्याला नाव होतं. मी पुस्तक मिटून रडलो. नाव कळल्यानं ती हुरहूर गेली नाही, पण तिच्याकडे बघता येऊ लागलं.

मग मला शब्दांची चटकच लागली. एकाची सुटली, दुसऱ्याची लागली, असं ताई हसून म्हणायच्या. बैठकीत मी अर्धा-अर्धा तास बोलू लागलो. बायकोला फोनवर ‘पश्चात्ताप’, ‘विश्वासार्हता’ वगैरे ऐकवू लागलो. एकदा ती म्हणाली, “तुम्ही पिऊन आलात की बोलण्यावरून मला कळायचं. आता कसं कळणार?” मला ते कौतुक वाटलं. मी ते बैठकीत सांगून टाळ्यासुद्धा घेतल्या.

माझ्या शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचा एक माणूस होता. माझ्याच वयाचा. द्राक्षांच्या हंगामात बायकोबरोबर खाली कामाला यायचा आणि पावसाळ्यात वर आपल्या गावी भात-नागली पिकवायचा. पिऊन दोनदा रस्त्यावर पडल्यावर बायकोनंच त्याला इथं आणलं होतं. बैठकीत त्याची पाळी आली की तो जमिनीकडे बघत “काय नाय” म्हणायचा आणि संपलं. त्याची कबुली दोनदा ठरली आणि दोन्हीदा तो खुर्चीत नुसता बसून राहिला. दोन्ही वेळा त्याची बायको एवढ्या लांबून आली तशी परत गेली. दुसऱ्या वेळी जाताना तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो दचकला.

तिसरी तारीख ठरली तेव्हा तो माझ्या खाटेवर येऊन बसला. “दादा, माला बी शिकव. आवणी आली, घरी गेला पायजे.” आवणी म्हणजे भाताची लावणी. ती कोणासाठी थांबत नाही, आणि घरात लावणारी बायको एकटी. मला मनापासून वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आपल्याकडे कोणी शिकायला आलं याचा मला अभिमानही वाटला.

त्याला वाचता यायचं, पण बोटानं ओळ धरून. आम्ही दुपारी व्हरांड्यात बसायचो. मी वाचायचो, तो मागून म्हणायचा. त्याची स्मरणशक्ती भयंकर होती. अख्खी वाक्यं तो जशीच्या तशी पाठ करायचा, माझ्याच सुरात, माझ्याच हातवाऱ्यांसकट. समोर मीच बसलोय आणि तोंड फक्त त्याचं हलतंय असं वाटायचं. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण चांगलं चाललंय म्हणून मी रेटत राहिलो.

कबुलीच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, आता शेवटचं, मनात काय आहे ते सांग. या वाक्याची तयारी आम्ही केली नव्हती. त्यानं अंगणाकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, “घरी गेलो का मी पिनार. माला ठावं हाय.”

तीन महिन्यांत त्या माणसानं स्वतःच्या मनाबद्दल बोललेलं ते एकच पूर्ण वाक्य होतं. आणि मी त्याला झापलं. वेडा आहेस का, हे बोललास तर पावसाळा इथंच काढशील, असं म्हणालो. त्याऐवजी ‘माझा निर्धार पक्का झाला आहे, मला फक्त आपली साथ हवी’ असं म्हणायला लावलं. ‘निर्धार’ त्याच्या जिभेवर बसेना. वीस-पंचवीस वेळा घोकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो असा बोलला की ताईंचे डोळे भरून आले. मी अर्धवट उघड्या दाराबाहेरून बघत, ऐकत होतो आणि माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्याची बायको मात्र हसली नाही की रडली नाही. परक्या घरात चुकून शिरल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती. निघताना तिनं मला विचारलं की हा असा कधीपासून बोलायला लागला. मी म्हणालो, वाचनानं माणूस बदलतो.

आठवड्यानं माझी कबुली झाली. तीही उत्तम झाली. बायको मान खाली घालून ऐकत होती. मी अजून प्यायलेलो नाही. पण हे सांगताना माझा आवाज इतका नीट लागतो, की तिची नजर आपोआप माझ्या हातांकडे जाते.

रविवारच्या बैठकीला मी केंद्रात जात राहिलो. अशाच एका रविवारी ताईंनी मला आत बोलावलं. खोलीत सुरगाण्याची ती बाई बसली होती, एकटी. आवणीच्या तिसऱ्या दिवशी तो बांधावरून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी खालच्या ओढ्यात त्याचं प्रेत सापडलं, खिशात बाटली होती, एवढं ताईंनी सांगितलं. बाई म्हणाली की घरी आल्यावर तो काहीच बोलला नाही. केंद्रात बोलला ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिला त्याचं वाटत नव्हतं. मी त्याच्या शेजारी झोपायचो, म्हणून ती मला विचारायला आली होती. त्याच्या मनात खरं काय होतं?

एक सुंदर उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळायला मला फार वेळ लागला. मग तो आदल्या दिवशी जे बोलला होता ते मी तिला सांगितलं, आणि ते कोणी बोलू दिलं नाही तेही सांगितलं.

ती रागावली नाही. पदर सारखा करत म्हणाली, “येवढाच बोलला असता, तर मी नेला नसता त्याला. आवणी मी येकटीनं केली असती.”

मग तिनं सुरगाण्याच्या जीपा कुठे मिळतात ते विचारलं. येताना ती कोणाबरोबर तरी आली होती. पंचवटीतून पेठ फाट्याला कसं जायचं, कुठे वळायचं, कुठे उभं राहायचं, ते मी तिला नीट समजावून सांगितलं.