मांडवाच्या दारात उतरलेली सवारी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, दरोडे पाहिले, खूनही पाहिले. तिथे कोणीतरी खोटं बोलत असतं आणि आपण ते खोटं पकडायचं असतं, म्हणजे काम एका अर्थी सरळच. या प्रकरणात एकही माणूस खोटं बोलत नव्हता आणि तरीही एक म्हातारी बाई गायब झाली होती.

तेव्हा मी सुरतला, लिंबायतकडच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतून रोज सकाळी खानदेशाकडे खासगी गाड्या सुटायच्या, आजही सुटतात. स्टँडवर जायचं नाही, तिकीट काढायचं नाही. आदल्या संध्याकाळी फोन केला की सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी हजर, आणि तिकडे थेट घराच्या दारात उतरवणार. लोक या गाडीने लोणच्याच्या बरण्या पाठवतात, मशीनचे सुटे भाग पाठवतात आणि म्हातारी माणसंही पाठवतात. ड्रायव्हर सवारीचं नाव विचारत नाही. ‘शहाद्याची मावशी’, ‘लग्नाला जाणारी आजी’ एवढ्यावर त्याचं भागतं. पाठवणाऱ्याचा नंबर तो घेतो, उतरवून घेणाऱ्याचा घेत नाही. सवारी उतरली की ‘पोचली’ असा फोन करतो आणि त्याच्या दृष्टीने विषय संपतो.

एका संध्याकाळी बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये काम करणारा एक माणूस ठाण्यात आला. कपड्यांना रंगाचा वास, डोळे लाल.

“साहेब, मन्ही माय पोचनीच नही,” एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला.

त्याच्या भाचीचं लग्न होतं. बहीण दोंडाईच्याला राहायची. त्याने सकाळी आईला गाडीत बसवलं आणि तो पाळीवर गेला. दुपारी ड्रायव्हरचा ‘आजी पोचली’ असा फोन आला. पाळी सुटल्यावर त्याने बहिणीला फोन लावला, तर तीच विचारायला लागली, “मायले कधी धाडतोस?” बहीण नुकतीच नव्या वसाहतीत राहायला गेली होती आणि आईने ते घर पाहिलेलं नव्हतं. शिवाय आईच्या कमरेच्या पिशवीत नातीसाठी सोन्याची पोत होती.

सोनं म्हटलं की पोलिसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. माझ्याही आली.

मिसिंगची नोंद घेतली. मुलाने वर्णन सांगितलं: सावळी, सडपातळ, फिकट रंगाचं पातळ, विधवा, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, बोलणं कमी. आधारकार्डावरचा फोटो दिला. त्या फोटोत कोणतीही म्हातारी कोणत्याही म्हातारीसारखी दिसते. तोच फोटो आणि तेच वर्णन मी दोंडाईच्याच्या पोलिसांना पाठवलं.

ड्रायव्हरचा फोन बंद होता. त्यातच आमच्या हवालदाराला एका रिक्षावाल्याने खबर दिली की ती गाडी बमरोलीत उभी आहे आणि ड्रायव्हर मागची सीट घासून घासून धुतोय. आता मला खात्रीच वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उचलून आणलं.

पोरगा तिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. माळ पाहून मी कधी कोणावर विश्वास ठेवलेला नाही.

“सीट का धुतलीस?”

“साहेब, नवापूरच्या पुढे एका पोराने उलटी केली. वास जात नव्हता.”

“फोन का बंद?”

“बॅटरी उतरली होती साहेब. येऊन झोपलो.”

“आजी कुठे आहे?”

“बच्चाची कसम साहेब, दारात उतरवलं मी. हॉर्न मारला, मांडवातून बाया आल्या. एक तर पाया पडली आजीच्या. हात धरून आत घेऊन गेली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

मी त्याला उलटसुलट विचारलं, दरडावलं, चहा पाजून गोडीतही विचारलं. गोष्ट बदलली नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्टीला तिखटमीठ लावतो. हा प्रत्येक वेळी तेवढंच सांगत होता आणि त्याचा मला राग येत होता. गाडीतल्या दुसऱ्या सवाऱ्यांना फोन लावले. सीट खरंच एका पोराने खराब केली होती, आणि आजी मांडवाच्या दारात उतरली हे त्यांनीही पाहिलं होतं.

मग मी बहिणीला फोन केला. तुमच्या दारातल्या मांडवात तिला कोणी उतरवून घेतलं, असं विचारलं. ती रडतच होती. म्हणाली, “आमना दारमा मांडवच नही साहेब. समदं मंगल कार्यालयमा शे.”

इथे मला पहिल्यांदा काहीतरी उमगलं. लग्नसराईत हे ड्रायव्हर पत्ता शोधत बसत नाहीत. लग्नाची सवारी असली की वसाहतीत शिरायचं आणि मांडव दिसला की थांबायचं. एरवी ते चुकत नाही, कारण आपल्याकडे लग्नघर मांडवावाचून नसतं. या बहिणीने मात्र कार्यालय घेतलं होतं आणि मांडव भलत्याच दारात होता.

मी दोंडाईच्याला फोन करून त्या वसाहतीतला मांडव तपासायला सांगितलं. तासाभरात उत्तर आलं: एका घरी लग्न आहे, आत जाऊन पाहिलं, विचारलं, वर्णनाची बाई नाही. बाई त्या दारातून आत गेली होती, आणि आत नव्हती. मुलगा ठाण्याच्या पायरीवर बसून होता. तिकडे नात हटून बसली होती की आजी आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही. मी ड्रायव्हरला आणि मुलाला जीपमध्ये घातलं आणि निघालो.

नंदुरबार मागे पडल्यावर मुलगा एकदाच म्हणाला, “साहेब, जित्ती तं व्हई ना?” खोटा धीर देणं मला कधी जमलं नाही.

ऊन उतरताना आम्ही वसाहतीत पोचलो. ड्रायव्हरने बोट दाखवलं, “साहेब, हेच घर.” दारात हिरवा मांडव, आत हळदीची गाणी चाललेली. घरधनी पुढे आला आणि वैतागून म्हणाला, “सकाळी पोलिस येऊन गेले ना! आमच्याकडे कोणी हरवलेली बाई नाही. सगळी आमचीच माणसं आहेत.”

तोही खरंच बोलत होता.

मी मांडवात नजर फिरवली. बायकाच बायका. मोकळ्या कपाळाची एकही दिसेना. मुलगाही पाहत होता, ओळीने एकेका चेहऱ्याकडे, आणि त्याने मान हलवली. “नही साहेब.”

एवढ्यात नवरीजवळ बसलेली एक बाई गाता गाता थांबली आणि तिने झटकन पदर कपाळावर ओढून घेतला. खाकी पाहून तोंड झाकणारा माणूस मी गर्दीतही हेरतो, ती माझी जन्माची सवय. मी सरळ तिच्यापाशी गेलो. पदराआडून डोकावणारं मोठं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, तळवे हळदीने माखलेले. थांबेपर्यंत सगळ्यांत मोठ्याने तीच गात होती.

मुलाची नजर दोनदा तिच्यावरून गेली होती.

“माय?” तो म्हणाला. विचारल्यासारखंच म्हणाला.

पोत कमरेच्या पिशवीत तशीच होती. मग हळूहळू उलगडा झाला. मांडवाच्या दारात पाहुण्या बायकांना कुंकू लावायची घाई चालली होती. म्हातारीचा पदर पुढे आलेला, चेहरा प्रवासाने घामेजलेला. लावणारीला वाटलं, कुंकू घामाने पुसलं असेल. तिने लावून टाकलं. पुढे कासार बांगड्या भरत बसला होता. रिकामे हात पाहून कोणीतरी तिलाही बसवलं. बापाकडचे समजले ही मामाकडची, मामाकडचे समजले ही बापाकडची. सकाळी आलेल्या पोलिसांनी मोकळं कपाळ शोधलं, आणि तेव्हा ही बाई कुंकू लावून तिथेच हळद कुटत होती.

घरधनीण कपाळाला हात लावून उभी राहिली. पण नवरी उठली आणि म्हातारीच्या पाया पडली. तिची स्वतःची आजी नव्हती.

लेकीच्या घरी नेताना जीपमध्ये मी म्हातारीला रागावूनच विचारलं, की घर चुकलंय हे कळलं कधी?

“कालच,” ती म्हणाली. “पोरले फोन करना पाहिजे व्हता. चुकनं मन्हं. पन मनमा उनं, हयद व्हई जाऊ दे, मंग सांगू.” तिने मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या. “कितला वरीस व्हयनात साहेब, माले कोनी मांडवमा पुढे बठाडं नही.”

मुलगा पुढच्या सीटवर होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“तुमी काय लिखशात?” तिने विचारलं.

“चुकून राहिली, असं लिहितो.”

लेकीचं घर जवळ आलं तसं तिने पदराच्या टोकाने कुंकू पुसून टाकलं. स्वतःच पुसलं, सवयीने. बांगड्या काढायला गेली, पण त्या निघेनात. फोडायला तिचं मन झालं नाही. मला तिथे फार वाईट वाटलं.

दारात लेक धावत आली, आईला मिठी मारली आणि मग तिचं लक्ष बांगड्यांकडे गेलं. तिची मिठी सैल झाली. मागे उभ्या नातेवाईक बायकाही बांगड्यांकडेच पाहत होत्या. म्हातारी हात पदराखाली लपवायला लागली.

तेवढ्यात नात बाहेर आली. तिने आजीचे हात ओढून उजेडात धरले. “आजी, तुन्हा हात तं पहिलेच पिवया शेतस,” ती म्हणाली. “आते माले बी लाव.” आणि तिने ते दोन्ही हात स्वतःच्या गालांवर ठेवले. कोणी काही बोलायच्या आत हळद लागून गेली होती.

मी सुरतला येऊन मिसिंगचा कागद बंद केला. ड्रायव्हरला सोडताना एवढंच बजावलं, की घेणाऱ्याचाही नंबर घेत जा. हरवलेलं माणूस शोधताना आपण त्याच्या अंगावर आपणच चिकटवलेल्या खुणा शोधत असतो, हे मी त्या मांडवात शिकलो. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाची नोंद घेताना मी एक प्रश्न जास्त विचारायचो: खुशीत असली की तुमची आई कशी दिसते?

पुष्कळ मुलांना ते सांगता येत नसे.